मुसाफिराचा रोजा

देवपूरहून निघतानाच मी, साखर उतरलीच तर म्हणून, साखरेची पुडी पर्समध्ये टाकली होती. रमजान चालू, ऊन चैत्राचं, आणि सोबत साखरेचा आजार असलेले अब्बा, तेही रोजा (निर्जळी उपास) धरून! रावेरला आजोबांच्या कबरीवर फातेहा (मृतांसाठीची प्रार्थना) पढायची होती त्यांना.

"प्रवाशाला रोजा माफ असतो, अब्बा. नंतर एक धरून फेडता येतो," पांझरेच्या पुलावरच मी सुरुवात केली.

"माफी उंटावरून जाणाऱ्यांना होती, एसटीत बसणाऱ्यांना नाही."

पालथ्या घड्यावर पाणी!

जळगावला बस बदलली. भुसावळ मागे पडलं आणि दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या. खिडकीतून ओलसर गार वारा येत होता, तरी अब्बांच्या कपाळावर घाम. मी बागा कमी आणि तो घामच जास्त बघत होते.

फैजपूरला एक म्हातारी चढली, आमच्या शेजारच्या बाकावर बसली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर केळ्यांची पिशवी. थोडं पुढे जातो तोच बस थांबली. केळीचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला होता.

अब्बांचे हात थरथरू लागले. मला त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली. साखरेची पुडी ओठांशी नेली, तर त्यांनी दात आवळले. आजोबांसाठीची फातेहा आज अब्बांवरच पढावी लागते की काय! मला रडू फुटलं.

"काय झालं वं, पोरी?" म्हातारीने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती अब्बांसमोर सरकली.

"भाऊ, मी तडवी हाये. मले बी रोजा हाये."

सातपुड्याच्या पायथ्याचे हे तडवी भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान. लुगड्यावरून मी ओळखलं नव्हतं. तिने केळं सोललं, मोडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि उरलेलं अब्बांपुढे धरलं.

"मी बी मुसाफिर, तुम्ही बी मुसाफिर. मी मोडला. आता मले एकटीले सोडू नका."

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं.

ट्रॅक्टर हलला तोवर दुसरं केळंही संपलं होतं, आणि अब्बांनी मला माझ्या नावाने हाक मारली. सावद्याला म्हातारी उठली.

"इथंच उतरता?"

"घर आलं माहं," म्हणाली आणि गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

रावेरला फातेहा झाली. दुसऱ्या दिवशी परतताना सावदा गेलं आणि लगेच फैजपूर आलं.

"एवढंसंच अंतर?" अब्बा पुटपुटले. "मग ती मुसाफिर नव्हतीच."

माफी लांबच्या प्रवासाला असते. जाणूनबुजून मोडलेल्या रोज्याचा कफ्फारा (प्रायश्चित्त) म्हणजे सलग साठ रोजे. या उन्हात, त्या वयात.

"तिला ठाऊक नसेल," मी म्हणाले.

"रोजे धरणारीला ठाऊक असतं."

ईदनंतर अब्बांनी आपला एक रोजा फेडला. सहेरीला (रोज्याआधीचं पहाटेचं जेवण) मी भाकरी वाढली, वर एक केळं ठेवलं. ते त्यांनी सोललं आणि तसंच हातात धरून बसले.

"तिचा आज कितवा असेल गं?"