घाटावरचा माइक

शाळेत नाटक आणि भाषण सक्तीचं करावं का, असा विषय निघाला की मी शिकवते त्या शाळेतले बाकीचे शिक्षक हसतात. शेतात राबणाऱ्यांच्या पोरांना काय करायचंय भाषण, म्हणतात. मला हसू येत नाही, डोकं फिरतं.

मी शिकले त्या शाळेत भाषणं ठरलेली दोन-तीन मुलंच करायची, गुरुजींनी लिहून दिलेली, घडाघडा. आम्ही मुली स्वागतगीतापुरत्या. माझी मोठी बहीण दहावी झाली, पण स्टेजवर चढली ती एकदाच, पाहुण्यांना गुच्छ द्यायला. आई चौथी शिकलेली. तिला तेवढंही मिळालं नव्हतं.

लग्नानंतर दोन वर्षांत बहीण सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. ते तिला मारायचे, हे आईला ठाऊक होतं. दिवाळीला आली तेव्हा तिनं पाठ दाखवली होती. वडील पुढाऱ्यांसमोर तोंड उघडणारे नव्हते. दशक्रियेला सगळा भाग जमेल, पोलीस पाटीलही असतील, तिथं मीच सांगते, असं आईनं ठरवलं.

कुकडी नदीच्या घाटावर मंडप होता. आमच्याकडं दशक्रियेला माइक लागतो आणि श्रद्धांजलीला पुढारी. ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं, ते तिचे गुण सांगत होते. आई बायकांमधून उठली आणि तिनं माइक मागून घेतला.

"माझी पोर..." एवढंच ती बोलली. कर्ण्यातून स्वतःचा आवाज आला आणि ती दचकली. पुढं नुसते ओठ हलले. सासरकडचे एक नातेवाईक भाषणात मुरलेले. त्यांनी अगदी हळुवारपणे तिच्या हातातून माइक काढून घेतला.

"या माऊलीला दुःखानं बोलवंना," ते म्हणाले. "तिच्या मनातलं मी सांगतो. नशिबापुढं कुणाचं चालत न्हाई."

पोलीस पाटलांनी मान डोलावली. मग सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले, आईसुद्धा.

परतताना जीपमध्ये आई बोलायला लागली. कोण मारायचं, कशानं, बहीण शेवटचं काय म्हणाली होती, सगळं. एक शब्द अडला नाही. ऐकायला वडील, मामा, मी आणि ड्रायव्हर. ओझरच्या अलीकडं ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि मागं वळून म्हणाला, "मावशी, हे तिथं बोलायचं व्हतं."

"तिथं लई माणसं व्हती," आई म्हणाली.