च्युइंगमखालचा खेळाडू

आमचा मर्लकाका ओहायोतला न्हावी. साठीत त्याला पुन्हा बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांचं वेड लागलं. लहानपणीच्या संचात एकच कार्ड कमी होतं, गावच्याच डेल स्टकीचं. म्हणून त्याने पन्नास वर्षांपूर्वीचं कार्डांचं बंद पाकीट मिळवलं आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, समारंभाने फोडलं.

"लग्नात अंगठी घालतानाही याने इतका थाट केला नव्हता," लोरेनकाकू म्हणाली.

शेवटचं कार्ड डेलचंच निघालं! पण तेव्हा पाकिटात कार्डांबरोबर च्युइंगमही घालत, तो थेट त्याच्या तोंडावर चिकटलेला.

"काका, ओढू नकोस, थोबाड निघेल!" मी म्हटलं.

काकाने ओढलंच. डेलचं नाक च्युइंगमबरोबर आलं. काकाने सगळ्यांकडे पाहिलं आणि च्युइंगम नाकासकट तोंडात टाकला.

"झाला संच पूर्ण," तो चघळत म्हणाला.