बिनवायरीची नदी

टीव्हीवाल्या काकांना एखादी मालिका कशी वाटली असं कुणी चुकून विचारलंच, तर ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "माणसं जरा हिरवट दिसत होती. आवाजात खरखर नव्हती." गोष्ट काय होती, कोण कुणाला सोडून गेलं, हे त्यांच्या गावीही नसे. उभा जन्म टीव्ही दुरुस्त करण्यात गेलेला. संच उघडायचा, बिघाड शोधायचा, चित्र आलं, आवाज आला, की बंद करून पुढचा घ्यायचा. पडद्यावर नायिका हमसून हमसून रडत असली तरी काका तिच्या गालांचा रंग बघत. बातम्या देणारा घसा फोडून ओरडू लागला की म्हणत, "अरे, ह्यालाच कुणीतरी बारीक करा, स्पीकर फाटेल!"

काकू मात्र पुस्तकवेड्या. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि त्या दोन खोल्यांत वाचनालयाचं पुस्तक नाही असा दिवस नाही. भाजी निवडतानाही पुढ्यात पुस्तक उघडं. वाचलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना घास जायचा नाही, आणि सांगायला माणूस एकच. त्या जेवताना रंगात येऊन सांगत. काका "हं, हं" करत आणि ऐन मोक्याला विचारत, "हा पंखा घासतोय का गं?" झालं! काकू तोंडाला कुलूप लावून ताटं उचलायच्या.

वाचनालयात दर महिन्याला एक संध्याकाळ असे. कधी जुनी गाणी, कधी बुद्धिबळ, कधी कुणी आपल्या सहलीचे फोटो दाखवून सगळ्यांना झोपवत असे. या वेळी वाचनालयाच्या बाईंनी काकूंनाच गळ घातली, की तुम्हाला आवडलेली एखादी कथा वाचून दाखवा. काकूंना नाही म्हणवेना. घरी येऊन त्यांनी काकांना समोर बसवलं.

"अहो, माझं एक ऐकाल? त्या दिवशी माइक कुरकुरला, किंचाळला, अगदी मेला, तरी उठायचं नाही. बसायचं आणि ऐकायचं. मला. माइकला नाही."

"एवढंच ना?"

"तुम्हाला ते एवढंच वाटतंय. लेकीच्या गाण्याच्या वेळी कुठे होतात?"

लेक शाळेच्या स्टेजवर आयुष्यातलं एकुलतं एक गाणं गात होती, तेव्हा हे महाशय स्टेजमागे स्पीकरच्या पोटात डोकं घालून बसले होते. आवाज झकास लागला. गाणं कोणतं होतं ते त्यांना आजही सांगता येत नाही.

"या वेळी उठलात ना," काकू म्हणाल्या, "तर यापुढे मी वाचलेलं तुम्हाला एक अक्षर सांगणार नाही. भिंतीला सांगेन." त्या चिडून बोलल्या असत्या तर काकांनी हसण्यावारी नेलं असतं. त्या शांतपणे बोलल्या, म्हणून काकांनी निमूट मान डोलावली.

कार्यक्रमाला लेक बापाला खेटून बसली. जावईही सोबत नव्हता, नातवंडंही नव्हती, ती खास पहाऱ्याला आली होती. काकू उभ्या राहिल्या. त्यांनी हातातला कागद उलगडला. पहिलं वाक्य संपायच्या आत माइक बोलला, "खर्र."

काकांचे कान टवकारले. "जोडणी सैल आहे."

"बाबा!"

"अगं, मी नुसतं म्हटलं."

पुढच्या वाक्याला माइक असा किंचाळला, की लोकांनी कानांत बोटं घातली. सगळं सभागृह काकांना ओळखत होतं. माना वळल्या. वाचनालयाच्या बाई पुढूनच म्हणाल्या, "काका, बघा ना जरा! तुमच्या तर हा हातचा मळ आहे." आणि खरंच तसं होतं हो, हात लावला की सुटणारं काम! काकांची बोटं शिवशिवू लागली. समोर काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "मी आज ऐकायला आलोय," ते म्हणाले. सभागृहात खसखस पिकली. माइकनं एकदा घरघर करून मान टाकली. काकूंनी तो बाजूला सारला, दोन पावलं पुढे आल्या आणि कथा पहिल्यापासून सुरू केली.

कथा होती एका होडीवालीची. नवरा ऐन तारुण्यात टाकून गेलेला, तेव्हापासून ही लोकांना नदीपार नेऊन पोट भरते. एका संध्याकाळी एक म्हातारा तिच्या होडीत येऊन बसतो. ती त्याला बघताक्षणी ओळखते. तो ओळखत नाही. तो आपला पाण्याकडे बघत सांगत राहतो, की या काठावर कोणे एके काळी माझं एक माणूस होतं. आणि ती वल्ही मारत राहते.

सुरुवातीला काका सवयीनं आवाजच तपासत होते. जरा कापरा आहे, मागच्या रांगेपर्यंत पोचतोय का? मग केव्हातरी ते तपासणं राहूनच गेलं. त्यांना वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज येऊ लागला. पाण्यावरचा मावळता उजेड दिसला. म्हाताऱ्याच्या मानेवरच्या सुरकुत्या दिसल्या. काका दचकले. समोर संच नाही, पडदा नाही, एक वायर म्हणून नाही, होता तो माइकही मेलेला. मग एवढी नदी आली कुठून? आणि चित्र काय, इतकं स्वच्छ चित्र त्यांनी जन्मात कधी लावलं नव्हतं! त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे सगळं त्या समोरच्या बाईच्या तोंडून येत होतं, जी रोज त्यांच्या ताटात भाकरी वाढत होती आणि रोज हेच सांगू बघत होती.

होडीवालीनं म्हाताऱ्याला पैलतीरी उतरवलं आणि काही न बोलता होडी वळवली. काकूंनी कागदाची घडी घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि आ वासून बसलेले काका टाळ्या वाजवायलाच विसरले.

लेक तिच्या घरी गेली. हे दोघं चालत निघाले. कसं झालं, असं काकूंनी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. कोपऱ्यावर काका एकदम थांबले.

"तिनं सांगायला हवं होतं."

"कुणी?"

"त्या होडीवालीनं. मीच ती, असं सांगून टाकायचं ना! गप्प कशाला राहायचं?"

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत या माणसानं कुठल्याही गोष्टीवरून त्यांच्याशी वाद घातला नव्हता.

"तिनं का म्हणून सांगायचं? त्यानं ओळखायला नको?"

काका दिव्याच्या उजेडात बायकोकडे बघत राहिले. पंखा नाही, माइक नाही, नुसती ती.

"हवं होतं," ते म्हणाले. "समोर बसलेली, आणि ह्या गाढवानं एकदा वर बघू नये?"