बठ्ठी खुर्ची

विमलअक्का समोरच्या माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी तो खुर्चीत कसा बसलाय ते बघायच्या. आमच्याकडे खेड्यातली मुलगी मोठ्या माणसासमोर खुर्चीवर बसली तर टोकावर बसते, अर्धं अंग उठण्याच्या तयारीत. त्यालाच आम्ही संस्कार म्हणतो. पहिल्या दिवशी मीही तशीच टेकले होते. अक्कांनी मला खांद्याला धरून पाठ टेकेपर्यंत मागे ढकललं आणि ओरडल्या, "बठ्ठी खुर्ची तुनी शे! आर्धी कोनासाठे ठेवी?" बठ्ठी म्हणजे आमच्या अहिराणीत सगळी. मी घाबरून रडायलाच लागले. तर म्हणाल्या, "रड. पन पुरी बशीसन रड."

धुळ्यात देवपूरला जिन्याखालच्या एका खोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर आले, मशिनांवर खोळी चढल्या, आणि अक्का मुलींना मुलाखतीसाठी तयार करायला लागल्या. दारावर पाटी 'मुलाखतीची तयारी' एवढीच. कुणीतरी सुचवलं, व्यक्तिमत्त्व विकास लिहा, बरं दिसेल. अक्का त्याच्यावर उखडल्या. "व्यक्तिमत्त्व काय केळीचा घड शे का, खत टाकं की वाढनं?"

त्यांना राग लवकर यायचा आणि बहुतेक वेळा बरोबर जागी यायचा. एकदा एका मुलीनं मोबाईलवर आलेला सुविचार मोठ्यानं वाचला, यशस्वी माणसं पहाटे पाचला उठतात म्हणून. अक्कांनी तिच्या हातातून मोबाईल घेतला, तो मजकूर स्वतः वाचला आणि परत दिला. "मनी माय जलमभर चारले उठनी. तिले कोनी यशस्वी म्हनं का?" मग फळ्याकडे वळल्या. सगळा वर्ग हसला, पण त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती.

कामाची शिस्त मात्र त्यांनी आम्हाला लावली. भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं त्या फाडून जपून ठेवत, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्हाला रोज तीन कामं लिहायला लावत. तीनच. मी एकदा हौसेनं सात लिहून नेली. त्यांनी चार खोडली आणि म्हणाल्या, "ही कामं नाहीत, ही हाव आहे." आजही माझ्या टेबलावर असं एक पान असतं.

माझा बायोडाटा बघून तर त्यांनी कागद आपटलाच होता. अनुभवाच्या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं होतं.

"घरी काय करते?"

"काही नाही, अक्का. सकाळी गावच्या दूध केंद्रावर फॅट तपासते."

"किती वर्षं?"

"तीन."

"रोज किती माणसं येतात?"

"साठेक."

"भांडणं?"

"पहिल्या वर्षी झाली. मग मी प्रत्येकाला यंत्राचा आकडा समोर दाखवायला लागले. त्यानंतर नाही."

अक्कांनी बायोडाटा माझ्याकडे परत सरकवला. मग पेन माझ्या हातात कोंबलं. "साठ माणसांचं दूध तीन वर्षं तपासलं, भांडण मिटवलं, आणि लिहिते काय, नाही? माफी मांगाले उनी का नौकरी मांगाले? लिही बठ्ठं. जे करं ते सांग. जे नही करं ते सांगू नको."

ते सगळं लिहिलं, तसंच मुलाखतीत सांगितलं, पूर्ण खुर्चीत बसून. हायवेजवळच्या एका खासगी कॉलेजात मला नोकरी लागली आणि काही वर्षांनी तिथल्या प्लेसमेंट विभागाचं काम माझ्याकडे आलं. मी पहिली गोष्ट केली ती अक्कांना दर शनिवारी शिकवायला बोलावण्याची. साक्री, शिरपूरकडची मुलं त्यांच्यापुढे मोकळी व्हायची. वर्षभरात अक्कांची देवपूरची खोली मालकानं मोबाईलच्या दुकानाला दिली, आणि आमचा शनिवार तेवढा त्यांच्याकडे उरला. एकदा जिना उतरताना म्हणाल्या होत्या, "शनिवार शे म्हनीसन आठवडा शे." ते वाक्य मला माहीत होतं. म्हणून पुढे जे घडलं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागाच नाही.

कॉलेजला नवे संचालक आले. त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणले. पस्तिशीचे, कडक उन्हात ब्लेझर घालणारे, दर दोन वाक्यांत 'इम्पॅक्ट' म्हणणारे. त्यांनी ठरवलं, बाहेरून शिकवायला येणाऱ्या प्रत्येकानं तीन जणांसमोर दहा मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा. ते तीन म्हणजे संचालक, सल्लागार आणि मी. हातात एक फॉर्म: पेहराव, उच्चार, स्लाइड, ऊर्जा. मुलांना काय येऊ लागलं, याला फॉर्मात रकाना नव्हता.

अक्का सुती पातळ नेसून, कापडी पिशवीत कॅलेंडरची पानं घेऊन आल्या. सदुसष्ट वर्षांची बाई, जिनं शेकडो मुलींना मुलाखतीला पाठवलं, ती मुलाखत द्यायला आली होती. त्यांनी 'बठ्ठी खुर्ची तुनी शे' इथूनच सुरुवात केली. मुलगी टोकावर का बसते, तिला मागे कसं सरकवायचं, मग तिचा आवाज कसा बदलतो. चौथ्या मिनिटाला सल्लागारांनी हात वर केला.

"मॅडम, कंटेंट ठीक आहे. पण ही भाषा, हा टोन... कॉर्पोरेटमध्ये प्रोफेशनल वाटत नाही. बसा ना, प्लीज."

आणि अक्का बसल्या. टोकावर. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

मी ते पाहिलं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, त्यांनीच दिलेलं. संचालक माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली आणि फॉर्ममध्ये चारही ठिकाणी 'साधारण' लिहिलं. अक्का उठल्या, तिघांना नमस्कार केला आणि गेल्या. मला आजही त्या सल्लागाराचा संताप येतो, पण स्वतःचा जास्त येतो. त्याला अक्का कोण हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

त्यानंतर अक्कांचा शनिवार बंद झाला आणि त्या जामनेरला भाच्याकडे राहायला गेल्या. मी फोन केले नाहीत. काय बोलणार होते?

दोन महिन्यांनी सभागृहात सल्लागारांचं भाषण होतं. दोनशे मुलं. पहिलीच स्लाइड आली: रिकाम्या खुर्चीचा मोठा फोटो, त्याखाली इंग्रजीत, 'संपूर्ण खुर्ची तुमची आहे', आणि कोपऱ्यात त्यांचं नाव. मुलं टाळ्या वाजवायला लागली. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले आणि माईक नसताना ओरडले, "हे वाक्य तुमचं नाही! हे विमलअक्कांचं आहे. याच कॉलेजात, तुमच्यासमोर त्या बोलल्या होत्या आणि तुम्ही त्यांना प्रोफेशनल नाही म्हणालात!" सल्लागार हसून म्हणाले, "ग्रेट एनर्जी, मॅडम." पण ती स्लाइड काढावी लागली. संचालकांनी मला बोलावून लेखी समज दिली. मी ती घेतली, आणि खरं सांगते, छाती फुगली होती माझी.

त्याच रविवारी एसटीनं जामनेर गाठलं. अक्का ओट्यावर खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. मला पाहून त्या बाजूला सरकल्या नाहीत, आत ये असंही म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, ओरडले ते, स्लाइड काढली ते, समज मिळाली तेही. वाटलं होतं पाठीवर हात फिरवतील.

त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली, दाणे सुपात टाकले.

"दोनशे जनसमोर बोलनी तू. चांगलं करं." मग माझ्याकडे पाहिलं. "त्या दिन आपुन चारच जन व्हतूत, पोरी. तव्हय काय व्हयनं व्हतं?"