जड तेल आणि बारीक भोकं

काम सुरळीत चाललं की त्याचे किस्से होत नाहीत. आईच्या लॅबमध्ये वर्षभर काहीच सुरळीत चाललं नाही, त्यामुळे आमच्याकडे किस्से भरपूर! दुपारी घरी कोणी नसतं, म्हणून शाळा सुटली की मी तरसालीला तिच्या लॅबवर जायची. मुलांना आत सोडत नाहीत. काचेबाहेरच्या बाकावर गृहपाठ करायचा. मी फारशी बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलायचे.

सगळे म्हणजे तिघंच. प्रमुख दाते सर, आई आणि मशीन चालवणारे मंगुभाई. काम एकच: रिफायनरीतल्या डांबरासारख्या जड तेलाचे मोठे रेणू तोडणारा कॅटॅलिस्ट बनवायचा. दिसायला वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, पण त्यांत डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं. रेणू भोकात शिरला तरच तुटतो. मार्चपर्यंत जमलं नाही तर लॅब बंद, आणि आईची नोकरीही.

*

पहिली चाचणी लहान रेणूंच्या द्रवावर झाली. सगळीकडे तसंच करतात म्हणे. निकाल झकास! सरांनी सेव-उसळ मागवली, मलाही एक प्लेट मिळाली.

पुढच्या आठवड्यात खरं जड तेल सोडलं. जसं आत गेलं तसंच बाहेर आलं. मोठे रेणू भोकांच्या तोंडाशीच अडकले.

आईने विचारलं, "सर, निष्कर्ष काय लिहू?"

"लिही, तेलाला कोणताही अपाय झाला नाही!"

*

एवढ्या भोकांतून एकही मोठा रेणू आत जात नाही, हे मला पटेना. मंगुभाई बाकावर येऊन टेकले. "बेटा, तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमधून लोखंडी कपाट जाते?"

"नाही. जिन्याने चढवतात."

"बस! आपल्या गोळीला जिनाच नाय ने!"

*

मग हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. आईने पाऊण तास पडद्यावर आलेख दाखवले. साहेब म्हणाले, "भोकं लहान आहेत, एवढंच ना? मग मोठी करा की!"

कोणी हसलं नाही. आईने "हो सर" म्हणत ते वहीत लिहून घेतलं. मी नंतर पाहिलं. तारीख, आणि खाली तिच्या सुंदर अक्षरात: "भोकं मोठी करणे."

*

दोन महिने खपून त्यांनी ती खरंच मोठी केली. तेल आत शिरलं, रेणू तुटायलाही लागले! आईने काचेपलीकडून मला हात केला. ती हसत होती. इतक्या दिवसांनी!

तिसऱ्या दिवशी मशीन तुंबलं. उघडलं तर आत गोळ्यांचं पीठ.

मंगुभाई म्हणाले, "बेन, भोकं राहिली, गोळ्या गेल्या!"

*

आता गोळ्या घट्ट दाबून बनवल्या. मंगुभाईंनी एक बुटाखाली धरून पाहिली, फुटली नाही. भोकं मोजायला नमुना बाहेर पाठवला. रिपोर्ट आला: भोकं अगदी हवी तेवढी मोठी. तरी रेणू तुटेनात.

कारण आईलाच सापडलं. मोजायला गेली होती ती न दाबलेली पावडर. दाबताना भोकं मिटली होती, आणि दाबलेली गोळी कोणी मोजलीच नव्हती. पावडरीच्या बाटलीवर अक्षर आईचं होतं.

सरांनी रिपोर्ट पहिल्या पानापासून पुन्हा चाळला. मग म्हणाले, "रिपोर्ट खोटा नाही. फक्त दुसऱ्याच वस्तूचा आहे."

"ओरडले असते तर बरं झालं असतं," आई घरी म्हणाली. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. बाबा आणि मी मुकाट्याने जेवलो.

*

नव्या गोळ्या करायला वेळ उरला नव्हता. शेवटची चाचणी त्याच गोळ्यांवर झाली. जमेल म्हणून नाही, वेळापत्रकात होती म्हणून. मार्च संपला. लॅब बंद करायचं पत्र आलं.

शेवटच्या दिवशी सगळं सामान स्टोअरमध्ये जमा करायचं होतं. खोकं धरायला मी आईबरोबर गेले. तिथल्या राठोडभाईंचा नियम साधा: नवा माल फडताळावर, वापरलेला पिंपात, आणि फॉर्मवर तसं लिहून सही. आमच्या खोक्यातल्या गोळ्या कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या.

"वापरलेला. पिंपात टाका," राठोडभाई मान वर न करता म्हणाले.

आईने एक गोळी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पेपरवेटने फोडली. आतून पांढरीशुभ्र. तेलाचा एक डागही नाही. तिने दुसरी फोडली, तिसरी फोडली. सगळ्या तशाच.

राठोडभाईंनी चष्मा लावला. अर्धी गोळी बोटावर घेऊन उलटसुलट पाहिली. मग फॉर्म बाजूला सारला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"तो बेन, आखुं वरस तुम्ही केलं तरी काय?"