स्क्रीनवरचा गोल

माझ्या नवऱ्याच्या छातीतली गाठ पहिले मशीनले दिसली. डॉक्टर हसला.

तो डॉक्टर काल गेला.

सकाळपासून सगळे मोबाइलवर त्यायचा फोटो टाकून राहिले. कॅन्सर पकडाले कॉम्प्युटरले शिकवलं म्हने, ते बी भिलाई मध्यप्रदेशात होती त्या टाइमाले, तिथंच बसून.

खरं आहे. मी पाहिला तो कॉम्प्युटर.

मी विशीची बी नव्हती. माही पोरगी मुन्नी कडेवर. भिलाईतच खुर्सीपारले राहत होतो. मुन्नीचे बाबा कुम्हारीच्या कारखान्यात जात. त्यायचा खोकला काही जाऊन नाही राहिला होता.

कोनी सांगितलं, कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टरातला एक डॉक्टर एक्स-रे फ्री काढते. फक्त फिल्म त्याच्या कॉम्प्युटरले दाखवू द्याची.

फ्री म्हनून गेलो.

उजेडाच्या पेटीवर फिल्म, वरून कॅमेरा. स्क्रीनवर ह्यायची छाती आली. मंग एका जागी गोल आला.

मी बोट दाखवलं. विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे गोल काय आहे?"

"काही नाही बाई. कॉम्प्युटर अजून शिकतोय. काल एकाच्या चांगल्या बरगडीवरच गोल काढला त्यानं."

हसले. चष्मा लावून फिल्म पाहिली, साफ आहे म्हने.

मुन्नीचे बाबा बी हसले. "इले तर टीव्हीतल्या वाघाची बी भीती वाटते."

खोकल्याची बाटली घेऊन आलो. रस्ताभर मले चिडवत होते.

पुढची होळी त्यायनं पाहिली नाही.

नागपूरले नेलं, तवा उशीर झाला होता. कोनी म्हने बिडीनं झालं. सासू म्हने, माह्या पायगुणानं.

तेरवीले डॉक्टरसाहेब आले. खुर्ची दिली, बसले नाही. सगळ्यायसमोर बोलले.

"गोल बरोबर जागी होता. मशीनला दिसलं. मी हसलो."

दीर अंगावर धावला, लोकायनं धरला.

मी म्हटलं, "नसतं सांगितलं तर कोनाले समजनार होतं? कावून आले?"

"तुम्ही गोलाचं विचारलं होतं."

बस. गेले.

त्या दिवसापासून घरात पायगुणाचं नाव कोनी काढलं नाही.

आज सगळे लिहून राहिले, मशीनले शिकवलं, मशीनले शिकवलं. कोनाची छाती दाखवून शिकवलं, ते कोनी नाही लिहीत.

म्हनून मी सांगून राहिली. मुन्नी टाइप करून राहिली. मधात मधात थांबते.

डॉक्टरसाहेब, माफी नाही देत.

तुमी मागितली बी नव्हती.

पन खोटं नाही बोलले. तेवढ्यासाठी हात जोडते.

जा आता.