रिकाम्या हाताची बाई

वळ गावातल्या ज्या गोदामात आई पॅकिंगला आहे, त्याच गोदामाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. वेबसाइटची पानं सजवायचं सीएसएस शिकून मला जेमतेम तीन महिने झाले होते. शेठनी आईबरोबर निरोप धाडला होता, "पोरीला सांग, पान हलतं पायजे." त्याच दिवसांत गोदामात खोके वाहणारा मशीनचा पट्टा येणार, बाया कमी करणार, अशी कुजबुज चालली होती. काम बिघडलं तर राग आईवर निघेल, या धास्तीने मला जेवण जाईना.

मी पानासाठी एक छोटंसं हलतं चित्र बनवलं. शटर वर जातं, साडीवर एप्रन घातलेली बाई खोका घेऊन बाहेर येते, ठेवते, आत जाते, शटर खाली. आठ सेकंदांनी पुन्हा तेच, न थांबता. त्या बाईला आईची चाल द्यायला मी दोन दिवस घालवले. जमली तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले, खोटं कशाला बोलू.

शेठनी केबिनमध्ये ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शटर पडताना दावू नको. चालू धंदा हाय आपला. आन् ही बाई रिकाम्या हातानं आत चाललीय. शुभ न्हाय दिसत."

"शेठ, पुढचा खोका आणायला तिला आत जावंच लागतं ना."

"मग तिला काढ."

वाद घालायची माझी छाती नव्हती. तिथेच लॅपटॉप उघडून शटर वरच थांबवलं आणि बाई पुसली. खोके आपले आपण सरकत बाहेर यायला लागले. एक पडद्याबाहेर गेला की दुसरा, सांधा कुठे दिसेना. आधीपेक्षा हे सोपं होतं आणि दिसतही होतं सुबक, याचाच मला राग आला.

शेठ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मॅनेजरला बोलावलं.

"हे बघ. पट्टा आला की आपल्याकडं असंच चालंल. बाया नकोत, काय नको."

लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, मी तो आईच्या पायावर पाडला होता. हे नुसतं चित्र आहे हो, असं म्हणावंसं वाटलं. मी लॅपटॉप मिटला.

बाहेर आई खोक्याला टेप लावत होती.

"आवडलं का गं शेठला?"

"आवडलं."

तिने एप्रनला हात पुसले, तेच पान उघडलेला माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि शेजारच्या बायांना हाक मारली.

"या गं, माझ्या लेकीनं काय केलंय बघा."

सगळ्या जणी वाकून बघायला लागल्या.